सात ओळी आणि इतिहासात शिरलेला बेडूक

मित्रांनो, मी एक जुनी बॅच फाइल आहे. म्हणजे काय, तर सात ओळींची हुकूमचिठ्ठी. वाचायची कॉम्प्युटरने आणि राबायचंही त्यानेच!

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका ध्वनी-वाचनालयात झाला. अंध मुलांसाठी लोक घरी बसून पुस्तकं वाचत, आवाज रेकॉर्ड करत आणि झिप फाइलचा गठ्ठा बांधून मेलने पाठवत. ते गठ्ठे वाचनालय चालवणाऱ्या काकू एकेक करून सोडायच्या. शेवटी मनगट सुजलं, तेव्हा त्यांनी मला लिहिलं : फोल्डरमधला प्रत्येक गठ्ठा सोड, आतलं बाहेर काढ, कुणी काही विचारलं तर ‘हो’ म्हण, आणि काम झालं की गठ्ठा पुसून टाक.

पहिल्याच दिवशी एकशे सव्वीस गठ्ठे मी चार मिनिटांत फस्त केले. काकू खुर्चीसकट गोल फिरल्या.

“अहो, झालंसुद्धा!”

“माझा बेडूक नीट निघाला का?” काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, विचारलं. जीवशास्त्र त्यांनी वाचलं होतं, तेही लढाईवर निघाल्यासारख्या आवाजात.

काकूंनी न तपासता सगळं एका विद्यार्थिनीला पाठवून दिलं. दुपारी तिचा फोन आला. पोरगी हसून लोळत होती.

“काकू, पहिल्या पाठात राजा तलवार उपसतो, आणि दुसऱ्यात एकदम बेडकाचं जठर! राजाने गिळला की काय?” मग तिचं हसू थांबलं. “पण बाकीची पुस्तकं कुठायत? सोमवारी पेपर आहे हो माझा.”

आणि तो होता गुरुवार.

खरं सांगते, चूक माझ्या पोटातच होती. प्रत्येक वाचकाने पहिल्या पाठाला ‘०१’ नाव दिलेलं, दुसऱ्याला ‘०२’. मी सगळे एकाच फोल्डरात ओतत गेले. नवा ‘०१’ आला की जुन्याच्या उरावर बसायचा. कॉम्प्युटर विचारायचा, “जुना पुसू?” मी आपली नंदीबैलासारखी “हो, हो!” उरल्या फक्त चौदा फाइली. गठ्ठेही मीच पुसलेले, आणि माझ्या हातून पुसलेलं कचरापेटीतही सापडत नाही.

“फेकून दे तिला,” काका म्हणाले.

“तिला कशाला? लिहिली मी, पाठवलं मी. मेल आहेत अजून. तुम्ही त्यातले गठ्ठे पुन्हा उतरवून घ्यायला बसा.”

काका एकशे सव्वीस मेल पुन्हा उघडत बसले. काकूंनी माझं ‘हो’ खोडलं, पुसायची ओळ उडवली. प्रत्येक गठ्ठ्याच्या नावाचं वेगळं फोल्डर करायला शिकवलं आणि शेवटी मोजणी लावली. आधी दोनच गठ्ठ्यांवर तालीम घेतली : राजा आणि बेडूक. दोघं आपापल्या घरात राहिले, तेव्हाच बाकीचे माझ्या हवाली केले. शनिवारी सकाळी मुलीला सगळी पुस्तकं मिळाली. सोमवारी तिने पेपर दिला.

पुढे रंगीत बटणांचं नवं सॉफ्टवेअर आलं. “हिला काही चेहरा आहे का? काळी खिडकी नि पांढरी अक्षरं!” काकांनी मला कोपऱ्यातल्या फोल्डरात टाकलं. तीन वर्षं मला कुणी हाक मारली नाही.

मग तीच मुलगी तिथे नोकरीला लागली. तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं तिला वाचून दाखवायचा. नव्या सॉफ्टवेअरच्या बटणांवर नुसती चित्रं, नावं नाहीत; त्यामुळे तो आपला बरळायचा, “बटण. बटण. बटण.” ती वैतागली, पण हटली नाही. फोल्डर धुंडाळत माझ्यापर्यंत पोचली आणि राजा-बेडकाच्या गठ्ठ्यांवर मला चालवलं. माझी एकेक ओळ तिला लख्ख ऐकू आली : “दोन सापडले. दोन उघडले. शून्य राहिले.”

“काका, हिचा चेहरा तुम्हीच बघत बसा,” ती म्हणाली. “बोलते मात्र झकास!”

मित्रांनो, माझ्यासारखीला कामाला लावा, खुशाल लावा. पण आधी दोन गठ्ठ्यांवर तालीम घ्या, मोजा, आणि मूळ गठ्ठा पुसायची घाई करू नका. ती आजही रोज सकाळी आधी राजा आणि बेडूकच सोडते. दोघं आपापल्या घरी पोचले की मग मला म्हणते, “हं, आता सूट!”

आणि मी सुटते.