कोऱ्या कपांची विक्री

कप विकण्याच्या भानगडीत कुणी पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कप वाटेत फुटतो. फुटला की गिऱ्हाईक तुकड्यांचा फोटो पाठवतं, वर दोन शब्द सुनावतं, आणि आपण पदरचे पैसे घालून दुसरा पाठवायचा. टी-शर्टचं दुखणं वेगळं. माणसं पोट आत ओढून माप घेतात आणि मग कापड आटलं म्हणून शर्ट परत पाठवतात. उशीचा अभ्रा मात्र गुणी. फुटत नाही, आटत नाही, आणि उशीचं पोट सुटत नाही. हे शहाणपण मला कुणी शिकवलं नाही, हात पोळून आलंय.

आमचा धंदा असा, की मागणी आल्याशिवाय छापायचंच नाही. घरात माल नाही, गोदाम नाही. मी इंटरनेटवरच्या आमच्या दुकानात वस्तूंचे फोटो मांडते. गिऱ्हाईक त्यावर हवं ते नाव नाहीतर चित्र घालतं, ती ऑर्डर थेट छापखान्याकडे जाते आणि छापखाना वस्तू परस्पर पाठवून देतो. माझ्या हातात एकच गोष्ट, काय मांडायचं आणि काय काढायचं. नवरा बाहेरगावी नोकरीला. महिन्याकाठी घरी येतो आणि म्हणतो, "तुझं बरंय, नुसतं बसून कमावतेस." त्याला एकदा बसवायला हवं.

सुरुवातीला आमचे कपच चालले, आणि तेही आईंमुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. छापखाना कपाचा तयार फोटो देतो, पण तोच चकचकीत फोटो सगळ्या दुकानांत. म्हटलं, आपला वेगळा हवा. खरा कप, खरा चहा, खरे हात. माझे हात भांडी घासून उललेले, नखं कुरतडलेली. आई तेव्हा दुखण्यातून उठून नुकत्याच घरात फिरायला लागल्या होत्या. म्हटलं, "आई, तुमचे हात द्या."

"हात दाखवून अवलक्षण कशाला गं?" म्हणाल्या. पण हात पुसून खिडकीशी येऊन बसल्या.

बोटं वाळली होती. अंगठी निसटू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळला होता. डाव्या अंगठ्यावर इस्त्रीचा जुना डाग. कप मुद्दाम कोरा घेतला होता, कारण गिऱ्हाईक जे लिहील ते फोटोतल्या कपावर उमटलेलं दिसायला हवं. आता चहा हवा होता, वाफाळता. मी कॅमेरा लावत होते, म्हणून दारात उभ्या असलेल्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, तेवढा चहा टाका ना."

बाबांनी उभ्या जन्मात चहा केला नव्हता. स्वयंपाकघर म्हणजे त्यांच्या लेखी परमुलूख. आत बराच वेळ भांड्यांची आदळआपट झाली, झाकण पडलं, काही पुटपुटणं ऐकू आलं. शेवटी दोन्ही हातांनी कप धरून, थेंबही न सांडता, ते बाहेर आले. आईंच्या हातात कप दिला आणि बाजूला उभे राहिले. मी ओरडले, "आई, पिऊ नका हं! हलू नका, वाफ जाईल." थोडा वेळ थांबून बाबा आईंचं औषध आणायला खाली गेले.

दुसऱ्याच दिवशी दुखणं उलटलं. आईंना दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

बाबा रडले नाहीत. भेटायला आलेल्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं. फोटो दुकानात लागलेलाच होता, तो तसाच राहिला. कप धडाधड खपले. लोक खाली लिहायचे, हे हात कुणाचे? आमच्या आजीचे अगदी असेच होते. मी एकालाही उत्तर दिलं नाही. काय देणार?

पुढे टपालखर्च वाढला, कप जास्तच फुटायला लागले, नफ्याचं पाणी झालं आणि हळूहळू मागणीही थांबली. एकदा जेवताना मी बाबांना माझे नवे बेत ऐकवत होते. ऐकायला दुसरं होतं कोण? म्हटलं, "आता भीडभाड नाही. तीन महिन्यांत जे विकलं गेलं नाही, ते दुकानातून काढायचं. पहिला कप."

"कप म्हणजे," बाबांनी विचारलं, "फोटोसकट?"

"वस्तूच नाही तर फोटो ठेवून काय करू?"

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले. मी अभ्र्यांकडे वळले.

त्यानंतर कप पुन्हा विकले जायला लागले. फार नाही, आठवड्याला एखाददुसरा, पण नेमाने. गंमत म्हणजे सगळे कोरे. नाव नाही, चित्र नाही, साधी रेघसुद्धा नाही. मला गिऱ्हाइकाचा पूर्ण पत्ता दिसत नाही, तो छापखान्याला जातो, पण शहर दिसतं. शहर आमचंच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आणि इथे तर घराच्या आसपासच खपत होतं! नावं काही ओळखीची वाटली नाहीत. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लोकांना नक्षीचा कंटाळा आलाय, त्यांना साधं हवंय. मी नवऱ्याला फोनवर यावर व्याख्यान दिलं. कोऱ्या कपांची जाहिरात केली, तिच्यात बऱ्यापैकी पैसे घातले. 'साधेपणा हीच शोभा', असं मीच लिहिलं. जाहिरात बघून एकाही माणसाने कप घेतला नाही. आमच्या शहरातले तेवढे येत राहिले.

मध्यंतरी कापडी पिशव्या विकायचं मनात आलं. छापखान्याने नमुन्याला एक पिशवी पाठवली. तिची शिवण मला बरी वाटेना, म्हणून ती घेऊन दुपारी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याने पिशवी उलटी केली, एक टाका ओढला आणि मान हलवली. मग म्हणाला, "बसा वहिनी, चहा सांगतो." चहा आला आणि त्याने तो फळीवरच्या पांढऱ्या कपात ओतला. तसलेच आणखी दोन फळीवर होते. एकात खडू, एकात कात्र्या. तळाला आमच्या दुकानाचं नाव.

"हे कुठून आणलेत?" मी विचारलं.

"तुमच्याकडूनच की! बाबांनी मागवायला लावले. माझ्या फोनवरून, पैसे त्यांचे. मी म्हटलं, अहो, निदान नाव तरी घाला माझं. तर म्हणाले, नको, कोराच राहू दे. आता बोलावं तरी कसं म्हाताऱ्या माणसाला! अजून एक घ्या म्हणतायत. वहिनी, माझ्याकडे आता ठेवायला कात्र्या उरल्या नाहीत."

या शिंप्याला आम्ही इतकी वर्षं शिंपी म्हणूनच ओळखतो. कागदावरचं त्याचं नाव मला कुठून ओळखू येणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच टाकून मी घरी आले.

बाबा खिडकीशी बसले होते. हातात फोन, फोनवर आमच्या दुकानाचं पान, पानावर आईंचे हात.

"बाबा, शिंप्याकडे तीन कप आहेत. आणखी कुणाकुणाकडे आहेत?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "औषधवाल्याकडे दोन. न्हावी ब्रश ठेवतो एकात. बाकीचे असेच."

"अहो पण का? मी वेड्यासारखी जाहिराती करत बसले! फोटो हवा होता तर मला सांगायचं. मोठा करून भिंतीवर लावला असता."

"भिंतीवर नको. भिंतीवर लावलं की माणूस गेलेलं असतं. इथे ती कामात आहे." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तू म्हणालीस, विकलं नाही की काढायचं. मग विकायला नको?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी खाली बसले.

"आणि दुसरंही एक आहे," ते म्हणाले. "हसशील तू. हा चहा मी केलेला. तू तिला पिऊ नका म्हणालीस, मी औषध आणायला गेलो. येऊन बघतो तर कप धुऊन पालथा घातलेला. म्हटलं, गार झाला असणार, ओतून दिला असणार. तोंडाने कसं विचारायचं? वाटलं, काही असेल तर सांगेल आपणहून. नाही बोलली. दुसऱ्या दिवशी तर सगळंच... जन्मात एकदा केला आणि कसा झाला ते कळलंच नाही. या फोटोत तिला तो अजून प्यायचाय. म्हणून बघत बसतो."

 आईंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि त्या गेल्यावर एवढ्याशा गोष्टीची आठवण कोण काढतं? मलाच ती त्या क्षणी आठवली.

"बाबा, त्या प्यायल्या तो चहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमची पावलं जिन्यात वाजली आणि त्यांनी कप तोंडाला लावला. मी ओरडले, आई, वाफ! त्यांनी एक घोट घेतला आणि हसायलाच लागल्या. साखर नव्हती त्यात. तुम्ही घालायला विसरला होतात."

"नव्हती?"

"चिमूटभरसुद्धा नव्हती. मी म्हटलं, द्या, घालून आणते. पण कप सोडेनात. म्हणाल्या, 'छान झालाय म्हटलं तर उद्याही असाच करतील, आणि साखर नाही म्हटलं तर पुन्हा करायचेच नाहीत. मी आपली गप्प बसते. उद्या साखरेचा डबा त्यांच्यासमोर ठेवते, म्हणजे झालं. तू बोलू नकोस हं.'"

"मग ओतून दिला?"

"नाही बाबा. सगळा प्यायल्या. कपही स्वतः धुतला."

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे उद्या पुन्हा माझ्याकडून करून घ्यायचा होता तिला."

आणि मग ते रडले. आईंच्या वेळी जे राहून गेलं होतं ते सगळं आलं, खांदे हलवून, लहान मुलासारखं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. आई गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात होतो, पण आई गेल्या असं एकमेकांसमोर कधी म्हटलंच नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "काढ तो कप."

"राहू दे ना, बाबा. एका फोटोचं काय ओझं आहे? धंदा काही बुडत नाही."

"नको. चहा पिऊन झालाय तिचा. रिकामा कप किती वेळ धरून बसेल ती?"

मी त्यावर माझ्या खात्यातून दुकान उघडलं. फोन विचारत होता, नक्की काढायचं का. माझं बोट पुढे जाईना. बाबांनी चष्मा सारखा केला, आईंच्या हातांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि स्वतःच बटण दाबलं. त्या जागी उशीचा अभ्रा सरकून आला.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. मग त्यांनी आतून विचारलं, "साखरेचा डबा कुठे असतो गं?"

मी आत गेले आणि डबा त्यांच्यासमोर ठेवला.