भिंतीतलं जनावर

रंगाऱ्याने सत्तरी गाठली, पण अक्कलदाढ काही आली नाही, असं त्याची लेकच म्हणायची. तेही जरा कौतुकानेच. आता काम तिच्या हाती होतं. गिऱ्हाईकं तीच बघायची, रंग तीच मिसळायची, आणि बाबा तिला "ठेकेदारीणबाई" म्हणून चिडवत शिडीवर चढायचे.

बाबांना एक खोड होती. भिंतीला शेवटचा हात मारायच्या आधी ते तिच्यावर एखादं जनावर काढायचे. हत्ती, कासव, मनात येईल ते. मग वरून रंग चढला की जनावर भिंतीत गुडूप, घरमालकाला पत्ताही नाही. लेकीच्या खोलीतही त्यांनी असंच एक लपवलं होतं. लहानपणी ती अंथरुणातून भिंतीवर टकटक करायची आणि विचारायची, "उंट आहे का?" बाबा म्हणायचे, "सांगणार नाही." ते आजतागायत सांगितलेलं नाही. आता बोला.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम होतं. संध्याकाळी त्या भिंती बघायला येणार होत्या. बाबांनी नेमका ब्रश सोडून जाड मार्कर उचलला आणि सगळे दात विचकणारं माकड काढलं. मार्करची शाई रंगातून वर येते, हे रंगात जन्म गेलेल्या माणसाला ठाऊक नको? ठाऊक होतं हो. पण माकड सुचलं आणि मार्कर हाताशी होता, झालं. वरचा हात वाळला तर माकड हसतंय. आणखी एक मारला तरी हसतंच आहे, जरा फिकट इतकंच.

लेकीने धावतपळत ऑइल प्रायमर आणला, माकड त्याखाली गाडलं, पंखे लावून भिंत वाळवली आणि पुन्हा रंग मारला. डॉक्टरीणबाई आल्या, समाधानाने मान हलवून गेल्या. काम निभावलं. पण दार लागल्यावर लेकीचा जिभेवरचा ताबा सुटला.

"वयाला शोभेल असं वागा की जरा, बाबा. मी कुणाकुणाला सांभाळू?"

बाबा खाली बसून ब्रश धुवायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते खरंच वयाला शोभेल असं वागू लागले. गुमान भिंत रंगवायची, डबा खायचा, घरी यायचं. चिडवणं नाही, शीळ नाही. लेकीला आधी हायसं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि एका सकाळी बाबा कामाला निघालेच नाहीत.

"गुडघे दुखतात," ते म्हणाले. "तू जा. मला आता नाही जमायचं."

कालपर्यंत शिडीवर तुरुतुरु चढणारे गुडघे. तिने माफी मागितली, तर म्हणाले, "तुझं काय चुकलं? बरोबरच बोललीस." बाबा दिवसदिवस खुर्चीत बसून राहायचे. चांगला खेळता माणूस आपण म्हातारा करून ठेवला, या विचाराने तिचा जीव तुटायचा.

मग वकीलसाहेबांच्या ऑफिसचं काम आलं. शेवटच्या हाताआधी ती थबकली. चित्रकलेत तिचा सगळा आनंदच. तरी तिने ब्रश बुडवला, हो, ब्रशच, आणि काहीतरी काढलं. एक पाय जास्त झाला. रिकाम्या खोलीत एकटीलाच खुदकन हसू आलं. मग तिने वरून रोलर फिरवला.

संध्याकाळी चहा देताना ती म्हणाली, "आज वकिलांच्या भिंतीत एक जनावर ठेवलंय."

बाबांनी कप खाली ठेवला. "कुणी?"

"मी."

"तू? तुला साधं मांजर येत नाही काढता."

"म्हणून मांजर नाहीच काढलं."

"मग काय काढलंस?"

"सांगणार नाही."

"बरं," म्हणून बाबांनी पेपर उघडला. लेक हिरमुसून आत गेली.

सकाळी ती निघायला बाहेर आली, तर बाबा दाराशी उभे. अंगात डागाळलेला जुना सदरा, हातात डबा.

"गुडघे?" तिने विचारलं.

"ते पण येतायत."

बाबा वकिलांच्या ऑफिसात शिरले ते थेट भिंतीपाशी गेले, कान लावला आणि बोटाने टकटक केली.

"उंट आहे का?"

"सांगणार नाही," लेक म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसत शिडी उघडायला लागली.