मार्थाच्या गालावरचा तीळ

"मार्थाचा चेहरा उद्या खरवडून काढायचा," तांब्याच्या पत्र्यावर बोट फिरवत मालक म्हणाले. "रेघा पार झिजल्यात. नवा कोरून घेऊ. जरा तरुण."

मी छापयंत्राच्या रुळाला तेल देत होतो. हात थांबला.

"मालक, ती लिस्केन आहे."

"ठाऊक आहे रे, योस. पण गिऱ्हाईक लाझारसला बघायला येतं. शेजारची बाई डागासारखी दिसली तर कोण घेणार?"

लिस्केन माझी बायको. ईस्टरच्या आधी गेली. चित्रात येशू हात उंचावतो, मेलेला लाझारस थडग्यातून उठून बसतो आणि त्याची बहीण मार्था तोंड उघडं टाकून बघत राहते. चित्रकार पत्र्यावर सुईनं हे काढत होता, तेव्हा लिस्केन माझं जेवण घेऊन छापखान्यात आली. त्यानं तिलाच समोर उभं केलं.

"उघड्या तोंडाची बाई हवी होती म्हणे," घरी आल्यावर ती हसत म्हणाली. "अख्ख्या अँटवर्पमध्ये मीच सापडले!"

पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उतरतं. मी पहिला कागद छापला, तेव्हा तिचा डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला.

"ही तू नाहीस," मी म्हणालो.

"वेड्या, हीच मी. बादलीतल्या पाण्यात रोज हीच तर दिसते मला."

तो कागद तिनं चुलीशेजारी लावला. मला तो कधी पटला नाही.

"मालक, शेवटचा एक छापू?"

"छाप. आणि रडू नकोस, कागद आधीच ओला केलेला असतो."

मी शाई भरली. मार्थाच्या चेहऱ्यावरची जास्तीची शाई तळहातानं हलकेच पुसली. रूळ फिरवून कागद काढला. शाई ओली होती तोवरच त्यावर दुसरा कोरा कागद ठेवला आणि दोन्ही पुन्हा रुळाखाली घातले.

"उलट छाप? अरे, फिकी येते ती. विकली जायची नाही."

"विकायची नाहीच."

दुसरा कागद हळूच सोलून काढला. लाझारस जेमतेम दिसत होता. पण तीळ डाव्या गालावर होता.

मालक जवळ आले, वाकून बघत राहिले. "हो रे," एवढंच म्हणाले.

आता चुलीच्या एका बाजूला तिला दिसायची ती लिस्केन आहे, दुसऱ्या बाजूला मला दिसायची ती. दोघी तोंड उघडं टाकून एकमेकींकडे बघतात. मी मधे बसून पाव खातो.