सतरा नंबरखालचा आवाज

आजवर माझ्यातून शेकडो पोरं बोलली, पण मी स्वतः कधी चकार शब्द काढला नाही. टेप रेकॉर्डरने दुसऱ्याचं ऐकावं आणि तेच परत म्हणावं, असा आमचा शिरस्ता. आज तो मोडतोय. माझ्या अंगच्या एका दोषापायी एक मुलगी खोटी ठरली होती, आणि ते मला अजून आतून खातंय.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती लॅबकाकांच्या हातांची. सरकारी इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात दुसऱ्या मजल्यावर भाषेची लॅब होती आणि काका तिचे सर्वेसर्वा. त्यांनी मला खोक्यातून काढलं, झाकण उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाले, "या साहेब. आता पोरांची बोबडी कशी वळते ते ऐका."

तेच माझं काम होतं. दहावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असायची. एकेक मूल माझ्यासमोर बसायचं, तारीख आणि हजेरी नंबर सांगायचं आणि दिलेल्या विषयावर तीन मिनिटं बोलायचं. कॅसेट परीक्षा मंडळाकडे जायची. तिथे कोणी अनोळखी परीक्षक ती ऐकून गुण द्यायचा. काही महिन्यांनी ती परत आली, की पुढच्या वर्षी तिच्यावरच नवी पोरं बोलायची.

जिन्यात घडाघडा म्हणणारी पोरं माझ्यापुढे आली की गप्पगार व्हायची. एकजण तर मला "मे आय स्टार्ट, सर?" असं विचारून उत्तराची वाट बघत बसला. त्यात त्याचं एक मिनिट गेलं. चूक झाली की कुणाच्या तोंडून घरच्या भाषेतला एखादा कचकचीत शब्द निघायचा, आणि आपण रेकॉर्ड होतोय हे आठवून कान लाल व्हायचे. मला ही पोरं फार आवडायची.

हेडसरांना मात्र पोरांपेक्षा टक्के प्रिय. फाटकाशेजारच्या फलकावर सलग सहा वर्षं 'निकाल शंभर टक्के' असं रंगवलेलं होतं. सकाळी आत येताना ते आधी फलकाकडे बघायचे, मग मुलांकडे.

एका वर्षी सतरा नंबरला एक मुलगी बसली. सगळी शाळा तिला 'थोरली' म्हणायची, कारण तिची धाकटी बहीण एक इयत्ता मागे होती. विषय होता 'माझी आई'. थोरली एकदाही अडखळली नाही, आणि पाठ केलेलंही बोलली नाही. समोर कुणी ओळखीचं माणूस बसलंय असं ती माझ्याशी बोलली. इतकं मन लावून माझ्याशी आधी कुणी बोललं नव्हतं.

त्या परीक्षेनंतर माझं बिनसलं. माझ्यात धातूचा एक बारीक तुकडा आहे, त्याला 'हेड' म्हणतात. नवा आवाज उतरण्याआधी जुना पुसून टाकायचा, हे त्याचं काम. तो झिजला होता. काकांच्या लगेच लक्षात आलं. शाळेत सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतून आणि काकांचं इंग्रजी बेताचं, तरी त्यांनी अर्ज लिहिला: 'हेड इज ओल्ड. नॉट वर्किंग प्रॉपर्ली. प्लीज चेंज हेड.'

हेडसरांनी तो वाचला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एक प्रश्नही न विचारता त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले. स्टाफरूममध्ये आठवडाभर हसाहशी चालली होती. मीही मनातल्या मनात हसलो होतो, आणि त्याची आता लाज वाटते. काका पुन्हा अर्ज करायला धजले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली.

शाळा उघडली तेव्हा माझ्यातून कुजबुज येऊ लागली. मुलं सरावाला बसायची, आपलंच बोलणं परत ऐकायची, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत कुणी तिसरंच बोलायचं. लॅबमध्ये भूत आहे अशी आवई उठली. पोरी घोळक्याशिवाय आत पाऊल टाकेनात. भूतबीत काही नव्हतं. पुसले न गेलेले आवाज होते ते. रिकाम्या दुपारी, मी बंद असतानाही, ते मला पोटात जाणवायचे आणि मी घाबरायचो.

परीक्षा आली. आडनावाच्या क्रमाने धाकटीलाही सतरावाच नंबर मिळाला. कॅसेट तीच होती. विषयही तोच, कारण इंग्रजीच्या मॅडम दरवर्षी तोच द्यायच्या. बहीण गेल्यापासून धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलेलं. ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची, पुन्हा एक बोलायची आणि थांबायची. मी फिरत होतो. तिच्या प्रत्येक थांबण्याखाली कोण आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

महिन्याभरात मंडळाने कॅसेट परत पाठवली, सोबत पत्र. सतरा नंबरला कुणीतरी शेजारी बसून वाक्यं सांगत होतं. तोंडी परीक्षेत शून्य गुण, निकाल राखून ठेवला आहे.

काका मला छातीशी धरून हेडसरांच्या ऑफिसात घेऊन गेले. धाकटीची आई खोकी भरण्याच्या कामावरून तशीच आली होती. तिच्या बोटांना चिकटपट्टीचा डिंक होता. टेबलावर एक इंग्रजी कागद तयार होता.

"सोपं आहे," हेडसर म्हणाले. "हिने चूक कबूल केली, की हिचं नाव यंदाच्या परीक्षेतून निघेल. नापासचा शिक्का बसणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसू दे."

नाव निघालं की शाळेचे टक्केही शंभरच राहणार होते. ते मात्र ते बोलले नाहीत. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "इथे सही करा."

आईने पेन उचललं.

"सर, मी खरंच काही केलं नाही," धाकटी म्हणाली. "एकदा टेप तरी लावा ना."

"लावा हो काका," दाराशी उभ्या असलेल्या इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या. पत्र आल्यापासून त्यांनाही चैन नव्हतं.

काकांनी बटण दाबलं. धाकटीचं एक वाक्य आलं. मग शांतता. आणि त्या शांततेच्या तळातून, विहिरीतून यावा तसा, दुसरा आवाज.

"हीच ती!" हेडसर म्हणाले. "कोण आहे ही मुलगी? उद्या तिला माझ्यासमोर उभी करा."

"ही माझी थोरली," आई म्हणाली. "करता तुम्ही उभी? करा."

टेप चालूच होती. मग आईने हळूच विचारलं, "काय म्हणतेय गं ती?" तिला इंग्रजी येत नव्हतं.

धाकटीने माझ्या जाळीला कान लावला आणि एकेक वाक्य घरच्या भाषेत सांगू लागली. "म्हणतेय, माझ्या आईला प्रगतिपुस्तक वाचता येत नाही. ती माझं तोंड बघते आणि किती गुण पडले ते ओळखते... मी जिथे बोट ठेवते, तिथे ती सही करते. म्हणून... म्हणून चुकीच्या जागी बोट ठेवायची मला फार भीती वाटते."

आईने पेन खाली ठेवलं. हेडसरांचं बोट अजून कागदावरच होतं. त्यांनी ते काढून घेतलं.

"सर," काका म्हणाले, "माझ्या अर्जातलं हेड म्हणजे हे, यातलं. पुसायचं." त्यांनी टेप पुढे पळवली. अठरा नंबरखालीही मागच्या वर्षीची तारीख सांगणारा एक मुलगा निघाला, एकोणिसाखालीही. ती पोरं धाकटीसारखी थांबत थांबत बोलली नव्हती, म्हणून मंडळाच्या कानाला ते लागलं नव्हतं. मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"अर्ज मी फाडला होता," हेडसर म्हणाले. मंडळाला पत्र त्यांनी तिथेच बसून, स्वतःच्या हाताने लिहिलं. फाडलेल्या अर्जासकट सगळं लिहिलं.

धाकटीची तोंडी पुन्हा झाली, परीक्षकासमोर, यंत्राशिवाय. गुण बेताचेच पडले, पण ती पास झाली.

काकांनी माझं हेड बदललं. मग त्या कॅसेटच्या कडेचे दोन चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते मोडले की कॅसेटवर नवं काही उतरत नाही. कॅसेट शाळेच्या सामानात नोंदलेली, त्यामुळे घरी देता येईना. म्हणून दरवर्षी निकालाच्या दिवशी मायलेकी लॅबमध्ये यायच्या आणि काका मला सुरू करायचे.

एक गोष्ट मला कुणाला सांगता येत नव्हती. कॅसेट जितकी वाजवावी, तितकी ती घासली जाते. मी थोरलीला दरवर्षी ऐकवत होतो आणि दरवर्षी थोडी थोडी पुसतही होतो. पुरे करा, असं ओरडावंसं वाटायचं. पण आई पुढे झुकून बसलेली असायची, आणि मी फिरत राहायचो.

यंदाही त्या आल्या. काका निवृत्त झालेत, लॅबमध्ये संगणक आलेत आणि मी कपाटात असतो. धाकटी आता नोकरी करते. तिनेच मला खाली काढलं, तिनेच बटण दाबलं. तिचं जुनं, अडखळतं वाक्य आलं, मग शांतता. त्या शांततेत नुसती खरखर होती. पुढच्या शांततेतही खरखरच. धाकटीचा चेहरा उतरला.

"आई," ती म्हणाली, "आता काही..."

"श्श," आई म्हणाली. "ऐक ना. बोलतेय ती."

आई मान डोलावत ऐकत राहिली. मध्येच हसली. शेवटी तिने डोळे पुसले आणि माझ्या झाकणावर हात ठेवला. मी शपथेवर सांगतो, माझ्यातून काहीही आलं नव्हतं.

हे कपाट रिकामं करायचा हुकूम निघालाय, असं ऐकतो. मला भंगारात काढायला माझी ना नाही. फक्त आधी माझ्या पोटातली कॅसेट काढा आणि त्या आईंना घरी नेऊ द्या. त्या ती वाजवतील कशावर, याची काळजी करू नका. त्यांना आता यंत्र लागत नाही.