इन्क्युबेटरची विश्रांती

आयुधपूजेच्या दिवशी अक्का मला लॅबला घेऊन गेली, कारण आई म्हणाली, "ही घरी राहिली की भांडणं काढते." खोटं नाही ते.

आमचं घर हिनकलला, अक्काची लॅब जयलक्ष्मीपुरमच्या बाजूला. घरी सकाळीच आजोबांच्या आजोबांची तलवार, अप्पांची स्कूटर आणि मिक्सी, सगळ्यांना कुंकू लागलं होतं. अप्पा नाहीत. दोन वर्षं झाली.

अप्पांना हेपटायटिस बी होता. सहा वर्षं गोळ्या खाल्ल्या, रिपोर्टात विषाणू दिसेनासा झाला, आणि तरी लिव्हरचा कॅन्सर झालाच. का झाला, हेच अक्का शोधते. ती सांगते, तो विषाणू पेशीच्या अगदी आतल्या खोलीत शिरून आपलं एक कडं करून बसतो. गोळीनं त्याची पिल्लं थांबतात, कडं हलत नाही. मग बसल्या बसल्या तो पेशीचं काय काय बिघडवतो?

गोळ्या सुरू व्हायच्या आधीचं अप्पांचं रक्त लॅबच्या फ्रीझरमध्ये होतं. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. शेवटची नळी अक्कानं तीन आठवड्यांपूर्वी काढली आणि बशांमध्ये वाढवलेल्या लिव्हरच्या पेशींवर सोडली. त्या बशा इन्क्युबेटरमध्ये, अंगाएवढ्या उबेत होत्या. दसऱ्यानंतर पेशी फोडून आतलं वाचायचं होतं. अप्पांना आता परत कुठून आणणार?

लॅबमध्ये शेवंतीच्या माळा, चुरमुरे, बुंदी. येसाजीकाका तिथले अटेंडर, आमच्यातलेच, जुन्या फौजेच्या घरातले. अक्कानं त्यांना तीनदा बजावलं, "काका, पेशींच्या खोलीत उदबत्ती नको. इन्क्युबेटरचं दार उघडू नका. बाहेरूनच कुंकू."

"अय्यो, मला कळत नाही का वनजाबाई? बाहेरूनच."

अक्काची मैत्रीण सीतालक्ष्मी माझ्याकडे वळली. "तू काय शिकतेस ग?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली, "ही? हिनं दहावीतच शाळेला नमस्कार केला. आता देवराज मोहल्ल्यातली दुकानं मोजते."

सगळे हसले. सीतालक्ष्मीसुद्धा. माझे कान तापले.

"आणि कशाला हात लावू नको ग," अक्का वर म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. दारातून पेशींची खोली दिसत होती. आल्या आल्या इन्क्युबेटरवर हिरवा आकडा होता, ३७.०, मी वाचला होता. काका माळ घालून बाहेर आले तेव्हा आकडा नव्हता. कुंकवाचा टिळा होता आणि त्याच्याखाली काळी काच.

मला दिसलं. अक्काला नाही दिसलं, ती बुंदी वाटत होती.

घरी पूजा झाली की मिक्सी बंद, स्कूटर बंद. इथेही तसंच असेल, असं वाटलं. नाही, खरं सांगते. काहीतरी चुकलंय असंही वाटलं. पण हात लावू नको म्हणाली ना? मग तुझं तू बघ. मी चुरमुरे खात बसले.

दुसऱ्या दिवशी दसरा. जंबूसवारीच्या मिरवणुकीला रस्ते बंद, लॅब बंद. अक्का टीव्हीवर हत्ती बघत खूश होती. "उद्या अप्पांचं उत्तर मिळेल ग," आईला म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं मी. घास गिळला नुसता.

तिसऱ्या दिवशी ती सकाळी गेली, जेवायला आली नाही, फोन उचलला नाही. मी डबा घेऊन गेले.

येसाजीकाका स्टुलावर, टोपी हातात. "विश्रांती दिली हो. वर्षातून एक दिवस यंत्राला विश्रांती. फ्रीझरला नाही हात लावला, बर्फ वितळतो ते कळतं मला. हे तर गरम पेटी. मला वाटलं..."

"तुमचं नाही चुकलं काका," अक्का म्हणाली. "दार उघडू नका म्हटलं, तुम्ही उघडलं नाही. बटणाचं मीच नाही बोलले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बघितलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"आकडा गेलेला. पूजेच्याच दिवशी."

अक्का माझ्याकडे वळली. मला वाटलं मारेल. मार ना, असंच मनात आलं. ती मायक्रोस्कोपपासून बाजूला सरली.

"ये. बघ."

पहिल्यांदाच बघायला दिलं तिनं. पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून असतात, असं तिनं फोनवर दाखवलं होतं. इथे गोल गोल गोळे तरंगत होते, सुटे.

"ह्यातलं काही वाचता येत नाही?"

"मेल्यावर काय वाचणार? मेल्या म्हणून मेल्या, एवढंच कळेल."

तिनं ग्लोव्ह्ज चढवले, ब्लीचची बाटली काढली. बशांमधलं पाणी नारिंगी असतं, ते गुलाबी-जांभळं झालं होतं.

"अक्का, एक बशी ठेव ना. नुसती."

"ठेवता येत नाही. आत विषाणू आहे."

"अप्पांचा आहे तो."

"म्हणूनच सांगते, लांब उभी राहा."

मी दारात गेले. तिनं एकेक बशी ब्लीचमध्ये ओतली. रंग क्षणभर राहिला, मग फिकट झाला, मग नुसतं पाणी. सहा बशा होत्या. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, ह्या वेळी रंग राहील.