पाहण्यासारखी ठिकाणं

"आधी राजवाडा बघा, मग अंबाबाई. संध्याकाळी रिक्षावाला तुम्हाला रंकाळ्यावर सोडेल. मी तिथंच येतो," धर्मराज म्हणाला. हॉटेलच्या खोलीच्या दारातच तो उभा होता, आत आला नव्हता.

काशी खाटेच्या कडेला बसली होती. उजाडायच्या आधीच उठून तिनं नवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला होता.

"अन् तुजा कार्यक्रम?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना आई, फक्त मुलांनाच आत सोडतात. घरच्यांना पास नाहीत."

"तं र्‍हाव दे," गोटीराम घाईनं म्हणाला. "आमी फिरू. कोल्हापूर कवा बघायचा नायतर?"

धर्मराजच्या चेहर्‍यावरचा ताण सैल झालेला त्याला दिसला. पोरगा जिना उतरून गेला. त्याच्या बुटांचा आवाज थांबेपर्यंत गोटीराम दाराकडं बघत राहिला.

घणसोली गावातला पहिला एम. एस्सी. होणारा पोरगा. गोटीरामचा जन्म मिठागरात गेला होता. जमिनी सरकारात गेल्या, मिठागरं बंद पडली, तेव्हा तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत फाटकावर उभा राहू लागला. पोराला कोल्हापूरच्या विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा आळीत पेढे वाटले होते.

दोन वर्षांमागं तो एकटाच पोराला भेटायला आला होता. येताना जवळा आणि सुके बोंबील आणले होते, पोराला आवडतात म्हणून. वसतिगृहाच्या खोलीत गाठोडं सोडलं आणि पोरांनी खिडक्या उघडल्या. एकानं नाकाला रुमाल बांधला. सगळे हसले, धर्मराजही हसला. मग एस्टी स्टँडवर निरोप देताना तो हळूच म्हणाला होता, "बाबा, पुढच्या वेळी काही आणू नका." या खेपेला पनवेलच्या स्टँडवर गोटीरामनं काशीची पिशवी स्वतः उघडून पाहिली होती. आत तसलं काही नव्हतं. तरी त्यानं पिशवी नाकाशी नेऊन वास घेतला होता.

ती दोघं खाली उतरली, तेव्हा हॉटेलच्या गल्ल्यापाशी एक कुटुंब उभं होतं. बाई रेशमी साडीत, पुरुष सफारीत, सोबत मुलगी. पुरुष मॅनेजरला म्हणत होता, "गाडी लवकर बोलवा हो. पालकांच्या पुढच्या खुर्च्या भरल्या की मागं बसावं लागेल."

गोटीरामचा पाय पायरीवरच अडकला. काशी पुढं गेली होती. तिनं ऐकलं नसावं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

रिक्षावाल्याचं नाव मारोती. बोलका माणूस. राजवाडा त्यानं स्वतःचा असल्यासारखा दाखवला. काशी चपला हातात घेऊन आत हिंडली. दरबार बघताना तिची मान वरच राहिली. रंगीत काचांतून आलेला उजेड तिच्या लुगड्यावर पडला होता. भुसा भरलेल्या वाघापुढं ती बराच वेळ उभी राहिली. गोटीरामला मात्र काहीच दिसत नव्हतं. पालकांच्या खुर्च्या, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाहेर आल्यावर मारोतीनं विचारलं, "मामा, पोरगं युनिव्हर्सिटीत हाय म्हणलासा न्हवं? मग आज तुमी हिकडं कसं? आज पदवीदान हाय तितं. न्हेऊ काय? हे हितनं गेलं की आलंच."

गोटीरामनं नको म्हणायला हवं होतं. पण पोराला काळ्या झग्यात एकदा बघावं, ही इच्छा त्याला आवरेना.

"निस्ता बाहेरशी दाखव," तो म्हणाला. "थांबू नको."

पण रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा कुंपणापाशी थांबलीच. आत हिरवळीवर काळ्या झग्यांची गर्दी होती. आया पोरांचे झगे सारखे करत होत्या, बाप फोटो काढून घेत होते. आणि त्या गर्दीत धर्मराज होता. कुणा मित्राच्या घरच्यांसोबत उभा होता. एका उंच गृहस्थानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. फोटोवाला काहीतरी बोलला आणि धर्मराज मोकळं हसला. असा हसताना गोटीरामनं त्याला बर्‍याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग धर्मराजनं मान वळवली. रस्त्याकडं.

गोटीराम झटकन मागं सरला. रिक्षाचा कापडी पडदा त्यानं खाली ओढला आणि पाठ सीटला चिकटवून, श्वास रोखून बसला. जमिनीच्या मोर्च्यात पोलिसांच्या लाठ्या चालल्या, तेव्हा हाच माणूस पहिल्या रांगेतून हलला नव्हता. आज पोटच्या पोरानं बघू नये म्हणून तो पडद्याआड दडला होता. चोरी केल्यासारखे त्याचे कान तापले. पोराचा राग यायला हवा होता, तो आलाच नाही. लाज वाटली ती स्वतःची. या धोतराची, मिठानं चिरलेल्या पायांची, इथं यायची इच्छा झाली त्याची.

"दिसलं काय पोरगं?" मारोतीनं विचारलं.

"नाय. गर्दी जाम हाय. चल तू."

त्यानं चोरून काशीकडं पाहिलं. ती दुसर्‍या बाजूनं बाहेर बघत होती. त्या बाजूला नुसतं माळरान होतं.

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी धर्मराज आला. अंगात सकाळचाच साधा शर्ट होता. "काय काय बघितलं?" त्यानं विचारलं. गोटीरामनं सगळं सांगितलं, राजवाडा, देऊळ, तळं. विद्यापीठ सांगितलं नाही. काशीनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. धर्मराज पाण्याकडं बघत राहिला. "भेळ खाऊ या?" तो जरा वेळानं म्हणाला. तिघांनी भेळ खाल्ली.

ती दोघं घणसोलीला परतली, तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची गोजरा चार बायांना घेऊन आली होती. गावच्या शाळेतले दिनानाथ मास्तर खुर्चीवर बसले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, पण सगळी नोकरी याच गावात गेलेली. धर्मराजला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच काढून दिलं होतं.

"सांग ना गो काशे," गोजरा म्हणाली. "कसा जाला कार्यक्रम?"

 पास नव्हते, एवढं सांगून टाकावं म्हणून गोटीरामनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी काशी बोलू लागली.

"काय सांगू बाय. हा मोठा हॉल. वर बघून मान दुखली. खिडक्यांना लाल-निल्या काचा. राजा बसायचा ती खुर्ची. अन् मंग आमचा धर्मा आला, काला झगा घालून. एक उंच सायेब व्हते, त्यांनी त्याचे खांद्यावर हात ठेवला. फोटो काढला. धर्मा असा हसला, असा हसला..."

गोटीराम तिच्याकडं बघत राहिला. म्हणजे हिनं सगळं पाहिलं होतं. खांद्यावरचा हात, फोटो, ते हसू. आणि पडदा ओढून दडलेला नवराही. पाहून झाल्यावर तिनं माळरानाकडं तोंड फिरवलं होतं, त्याच्यासाठी.

बाया कान देऊन ऐकत होत्या. काशीला भान राहिलं नाही. "अन् तिथं वाघ व्हता," ती म्हणाली. "भुसा भरलेला. पर डोले असे, का आता झेप घेल."

"कार्यक्रमान वाघ?" गोजरानं विचारलं.

काशी थांबली. तिचा हात पदराशी गेला.  दिनानाथ मास्तरांनी एकवार काशीकडं पाहिलं, मग गोटीरामकडं. कोल्हापूरचा राजवाडा त्यांनी पाहिलेला होता. गोटीरामनं मान खाली घातली.

"असतो," मास्तर शांतपणे म्हणाले. "विद्यापीठ म्हणजे काय लहान असतं होय? सगळं असतं तिथं."

"मंग बरोबर," गोजरा म्हणाली.

चहा झाल्यावर मास्तर उठले. गोटीराम त्यांना सोडायला ओट्यापर्यंत गेला. मास्तरांनी चपला घालायला बराच वेळ लावला.

"मास्तर," गोटीराम म्हणाला. 

"पोर लहान आहे रे अजून," मास्तर म्हणाले, आणि आळीतून निघून गेले.

मागच्या दारानं आणखी दोघीतिघी आत आल्या होत्या. त्यांच्यासाठी गोजरानं काशीला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. गोटीराम आत गेला नाही. ओट्यावरच खांबाला टेकून तो ऐकत राहिला. तोच हॉल, त्याच काचा, तोच काळा झगा. या वेळी काशीनं वाघ वगळला.