सव्वाअकराचं ऊन

दारव्ह्यात त्या हॉलला सगळे गोदामच म्हणायचे. पन्नास वर्षांपूर्वी कुणा बाहेरगावच्या आर्किटेक्टने कापूस सोसायटीसाठी तो बांधला होता. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही, काँक्रीटवर ते ओततानाच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे. घड्या घातलेल्या कागदासारखं छत आणि त्यात काचा बसवलेल्या तीन लांब फटी. इथे लग्न लागायचं ते जलालभाई मंडपवाल्यांनी सगळं कापडाने झाकून टाकल्यावरच. तीस वर्षं ते झाकत आले होते. आतली भिंत कशी आहे हे अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्याला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

जलालभाईंची धाकटी लेक अस्मा मात्र त्या भिंतींवर जीव टाकून होती. नागपुरातून इंटिरियरचा डिप्लोमा करून आल्यापासून तिला झालरी बघवत नव्हत्या. पुण्यात आर्किटेक्ट असलेल्या गावच्याच संघदीपने आपलं लग्न याच हॉलमध्ये, उघड्या भिंतींत लावायचं ठरवलं, तेव्हा त्याचं म्हणणं समजलेली गावात ती एकटीच. काम तिला मिळालं. पुण्याच्या एका लग्नं सजवणाऱ्या कंपनीने तिला सांगितलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेलं एक लग्न दाखव, मग नोकरीचं बोलू. अब्बाही कबूल झाले होते. "बोलावणं आलं तर जाय. नाही आलं तर आपल्या मंडपाच्या दुकानात बसाचं, मंग जिद नाही कराची."

तीन आठवडे ती खडू घेऊन हॉलमध्ये बसली. फटींतून येणारं ऊन कुठल्या वेळी कुठे पडतं, ते रोज फरशीवर आखून ठेवायची. वधूवर दोघं पांढऱ्या कपड्यांत, मागे राखाडी भिंत, बाजूला बुद्धमूर्ती, खाली पांढऱ्या शेवंतीची एक सरळ ओळ. बस्स. आणि सव्वाअकराला उन्हाचे तीन पट्टे आधी मूर्तीवर, मग हार घालणाऱ्या त्या दोघांवर. "आमच्यात मुहूर्त नसतो," संघदीप हसून म्हणाला होता, "तू सांगशील ती वेळ."

आठ दिवस आधी तिने अब्बांनाच नवरदेवाच्या जागी उभं केलं. ऊन बरोबर त्यांच्या टोपीवर उतरलं.

"पाहा अब्बा! सव्वाअकराले इथंच येते. नवरानवरीच्या डोक्यावर!"

जलालभाईंनी कपाळावर आडवा हात धरला. "येते खरं," ते म्हणाले आणि वर बघत राहिले. घरी येताना त्यांनी दोनदा मागे वळून हॉलच्या छताकडे पाहिलं. आपलं काम त्यांच्या मनात भरलं, असं तिला वाटलं. वेडी पोर.

लग्नाच्या दिवशी पहाटेच ती शेवंती आणायला यवतमाळला गेली. परतीची बस उशिरा मिळाली, यायला पावणेअकरा झाले. पाहुणे बसले होते. टोपली कमरेवर घेऊन ती दारातून आत आली आणि तिथेच थांबली.

चारी भिंतींवर सोनेरी सॅटिन. छताला मधोमध गाठ मारून चारी बाजूंना ताणलेलं गुलाबी कापड. स्टेजवर प्लास्टिकच्या फुलांची कमान. शिडीच्या वरच्या पायरीवर अब्बा शेवटची दोरी आवळत होते. घामाने निथळलेले आणि खूश.

"अब्बा, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"तूच म्हणलं ना बेटा, नवरीच्या डोक्यावर ऊन येते. मले घोर लागला. तीस वर्सं झाली, माह्या मंडपात कोणाच्या डोक्यावर ऊन नाही पडलं. अन् तुह्या पयल्याच कामात पडू देऊ काय?"

"काढा ते. आत्ता काढा."

"आता कायले काढतं? लोकं बसले ना."

तेवढ्यात संघदीपची आई, शीलाबाई, आल्या. त्यांनी अस्माचे दोन्ही हात धरले. "पोरी, तुह्या बापानं लाज राखली. आमचं लगन सडकेच्या कडेले लागलं, चार बल्ल्या न् एक ताडपत्री. माह्या एकुलत्या एक पोराचंही सिमेटाच्या भिंतीत लावू काय?" त्यांचे डोळे भरले होते.

अस्मा संघदीपला शोधत गेली. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा आईकडे. "राहू दे अस्मा," तो म्हणाला, "पंधरा दिवसांत आई आज पहिल्यांदा हसली आहे." बोलताना तो शर्टाची बाही नीट करत होता. काँक्रीटविषयी त्याने तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. ते सगळं त्याने एका वाक्यात गुंडाळून ठेवलं.

वंदना सुरू झाली. बरोबर सव्वाअकराला गुलाबी कापडावर तीन पट्टे उजळले. खाली स्टेजवर अंधारलं होतं, म्हणून कुणीतरी मोठे दिवे लावले. पुढच्या रांगेतले उकंडा गुरुजी वर बघून म्हणाले, "जलालभाऊ, वरतं लायटिंग झकास केली राजा!"

"लायटिंग नाही गुरुजी, ऊन होय," जलालभाई म्हणाले. "पण खाली नाही येऊ देत मी."

अस्माला बापाचा संताप आला. त्यांच्यावर संतापता येत नाही याचा तर त्याहून जास्त आला. शत्रूने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. शेवंतीची टोपली खुर्चीखाली तशीच पडली होती.

जेवणं उरकल्यावर जलालभाई तिच्याजवळ येऊन बसले. "काढले ना फोटो? आता पाठव पुण्याले. पाहू दे त्याहिले आपलं काम."

तिने मोबाइल उघडला. फोटोत सोनेरी सॅटिन होतं, गुलाबी छत होतं, कमान होती. दारव्ह्यातल्या कुठल्याही लग्नाचा फोटो. तिने तो पुसून टाकला.

"पाठवला?"

"हो अब्बा."

"येईन बोलावणं. पाहाजो तू."

तिने शिडीला अडकवलेली दोरी उचलली आणि ती कोपरावर गुंडाळायला लागली.

"अब्बा," ती म्हणाली, "उद्या दुकान किती वाजता उघडाचं?"